गाडी घेतली, गाडी दिली

आमच्या घरात गाडी बदलायचा विषय 2024 च्या जानेवारीत निघाला. जुनी वॅगन-आर 2012 ची. घरात माणसं सहा: अब्बा-अम्मी म्हणजे माझे सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अम्मींना पाय लांब करून पुढच्या सीटवर बसावं लागायचं. मग मागे आम्ही चौघं, मुलं आता उंचीने माझ्या खांद्याला लागलेली. खेडजवळच्या आमच्या गावी जाऊन आलो की दोन दिवस कंबर धरून बसायची. रमजानच्या आधी सात सीटची गाडी घ्यायची, असं ठरलं.

पैसे होते चार लाख ऐंशी हजार. चार वर्षांची भिशी, मिस्टरांचा बोनस आणि माझ्या शिकवण्यांचे थोडे. नवी गाडी या पैशांत येत नाही आणि कर्ज काढायचा प्रश्न नव्हता. अब्बा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, मागाठाणे डेपोतून निवृत्त झाले. पगार जेमतेम असतानाही त्यांनी घरात व्याजाचा हप्ता येऊ दिला नाही, तर आता कशाला? म्हणून जुनीच गाडी घ्यायची, आपली वॅगन-आर बदल्यात द्यायची आणि वरचे पैसे एकरकमी भरायचे.

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आमच्याकडे पहिला फोन नालासोपाऱ्याच्या मामूंना जातो. त्याला कारण आहे. 26 जुलै 2005 चा पाऊस मुंबईत कोण विसरेल? सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता. त्याच वर्षी हिवाळ्यात मामूंनी एक जुनी गाडी घेतली. चकचकीत, किंमतही बरी. पुढच्या पावसाळ्यात रात्री कशेडी घाटात ती बंद पडली. दिवे गेले, वायपर गेले, गाडीत मामी आणि दोन लहान मुलं, मागून ट्रक येताहेत. पुढे मिस्त्रीने सीट काढल्या तेव्हा खाली वाळलेला गाळ निघाला. गाडी पाण्यात बुडाली होती आणि विकणाऱ्याला ते ठाऊक होतं. त्या रात्रीपासून जुनी गाडी तपासणे हा मामूंचा छंदच झाला आहे.

मामूंची रीत वाचकांना उपयोगी पडेल म्हणून सांगते. गाडी दिवसा बघायची आणि इंजिन थंड असताना. डीलरने आधीच चालू करून ठेवली असेल तर काहीतरी झाकायचं आहे, असं समजायचं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, बुडालेल्या गाडीच्या पट्ट्याच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. सीटच्या खालच्या रुळांवर आणि स्टेपनीच्या खड्ड्यात गंज बघायचा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. 3519 म्हणजे 2019 चा पस्तिसावा आठवडा. काचांवरही कंपनीची खूण असते, एक काच वेगळी निघाली तर ती का बदलली ते विचारायचं. मीटरवरच्या किलोमीटरवर भरवसा ठेवायचा नाही, त्याऐवजी ब्रेकच्या पेडलचं रबर बघायचं. आणि गाडीचा वास घ्यायचा. सुगंधी कागद लटकत असेल तर तो काढून, काचा बंद करून पाच मिनिटं आत बसायचं.

दहिसरला जुन्या गाड्यांसाठी लांब जावं लागत नाही. हायवेला चेकनाक्याच्या अलीकडे-पलीकडे मोकळ्या जागांत गाड्या ओळीने उभ्या असतात. पहिल्या ठिकाणी आम्ही पंधरा मिनिटांत परतलो. मीटर 41 हजार दाखवत होतं आणि पेडलचं रबर झिजून लोखंड दिसत होतं. मिस्टरांनी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ओळखीच्या माणसाला नंबर सांगितला, तर त्या गाडीची दोन वर्षांपूर्वीचीच सर्व्हिस 63 हजारांवर झालेली. आम्ही डीलरला काही बोललो नाही. मामू म्हणाले, "याला सांगून काय होणार, तो पेडल बदलेल."

दुसऱ्या ठिकाणी मनासारखी गाडी मिळाली. 2018 ची अर्टिगा, कंपनीची सीएनजी, एकाच मालकाची. डीलर चाळिशीचा, बोलायला गोड. मला ताई, मिस्टरांना दादा आणि अब्बांना चाचा म्हणायचा. टेस्ट ड्राइव्हला त्याने गाडी बोरिवलीच्या बाजूला नेली. नाका ओलांडला असता तर 45 रुपये टोल पडला असता. तेव्हा हलक्या गाड्यांनाही टोल होता, तो त्याच वर्षी ऑक्टोबरात बंद झाला. गाडी मामूंच्या सगळ्या परीक्षांत पास झाली. फक्त दोन गोष्टी निघाल्या. टायर पहिलेच होते, सहा वर्षांचे. आणि सीएनजीच्या टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिच्या पाटीवरची मुदत संपलेली होती.

आता भाव. त्याने सहा लाख नव्वद हजार सांगितले. मिस्टर भाव करताना आवाज चढवतात, त्यामुळे बोलायचं मी असं घरीच ठरलं होतं. भाजी बाजारात वीस वर्षं काढलेल्या बाईला गाडीचा भाव करता येत नाही, असं कोण म्हणतं? मी सहा लाख दहा सांगितले. तो हसला, कॅल्क्युलेटर काढून सहा पंच्याहत्तर दाखवले. मी टायरची गोष्ट काढली: चार टायरचे कमीत कमी सोळा हजार. मग टाकीची तपासणी. मग असं की विम्याचे पाचच महिने उरलेत आणि मूळ मालकाचा नो क्लेम बोनस आम्हाला मिळणार नाही, कारण तो गाडीबरोबर येत नाही, माणसाबरोबर जातो. हे ऐकल्यावर त्याने माझ्याकडे जरा नीट पाहिलं.

मग त्याने हुकमी पत्ता टाकला. "ताई, चार वाजता मीरा रोडचे एक गिऱ्हाईक येतंय. ते सहा साठ द्यायला तयार आहेत. तुम्ही आता दहा हजार टोकन टाका, मी त्यांना नाही सांगतो."

खोटं गिऱ्हाईक उभं करून भाव चढवण्याला आपल्याकडे नजश म्हणतात आणि रसूलुल्लाहंनी (स.) ते मना केलं आहे. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती हदीस आहे. हे मला मदरशात शिकवलेलं अजून आठवत होतं आणि त्या क्षणी मला फार बरं वाटलं, आपण बरोबर बाजूला बसलोय असं. मी म्हटलं, "मग त्यांनाच द्या की. कोणी सौदा करत असताना आम्ही मध्ये येत नाही." आणि पर्स उचलली. मीरा रोडचं गिऱ्हाईक तिथेच विरघळलं. आणखी वीस मिनिटं गेली, चहा आला. सहा पंचेचाळीसवर हात मिळाले, त्यात नावावर करायचा खर्च त्याचा आणि टाकीची तपासणीही त्याने करून द्यायची.

उरली आमची वॅगन-आर.

इथे मला मागे जावं लागेल. 29 ऑगस्ट 2017 ला मुंबई पुन्हा बुडाली तेव्हा अब्बा वॅगन-आर घेऊन कुर्ल्याला एका नातेवाइकाकडे गेले होते. पाणी सीटच्या तळापर्यंत चढलं. अब्बांनी गाडी चालू केली नाही म्हणून इंजिन वाचलं. टो करून आणली, गालिचा काढून चार दिवस गच्चीवर वाळवला, मिस्त्रीने वायरिंग पुसून दिलं. गाडी पुढे नीट चालली. फक्त पावसाळ्यात मागची डावी काच मध्येच अडकायची आणि जुलै-ऑगस्टात आत ओल्या पोत्याचा वास यायचा. जानेवारीत यातलं काही कळत नाही.

आणि कळू नये याची तजवीज मी केली होती. आदल्या दिवशी गाडी आतून धुवून घेतली, दुकानातून दीडशे रुपयांचा सुगंधी कागद आणून आरशाला टांगला. मिस्टरांनी विचारलंही, "पाण्याचं सांगायचं का?" मी म्हटलं, "त्याने विचारलं तर सांगू. तो धंदेवाला आहे, त्याला डोळे आहेत." अब्बा तेव्हा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते.

डीलरच्या पोऱ्याने वॅगन-आर बघितली. बॉनेट उघडलं, एक चक्कर मारली. सीटबेल्ट ओढला नाही, कागदही काढला नाही. आम्ही दोन लाख सांगितले, त्याने दीड. थोडं इकडे-तिकडे होऊन एक पंचाहत्तरवर आलं. म्हणजे वर द्यायचे चार लाख सत्तर हजार. आमच्याकडे चार ऐंशी, उरलेले दहा हजार विम्याच्या फरकाला. हिशेब असा बसला की मी मनात अल्हम्दुलिल्लाह म्हटलं.

तेवढ्यात अब्बा म्हणाले, "शेठ, आमची गाडी 2017 मध्ये कुर्ल्याला पाण्यात उभी होती. इथपर्यंत." त्यांनी हात गुडघ्याच्या वर धरला. "इंजिनात पाणी गेलं नाही. पण पावसात मागची डावी काच अटकते. वासही येतो."

कोणी काही बोललं नाही. मिस्टर टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. डीलर आधी हसला. "चाचा, वीस वर्षं धंदा करतोय. असं कोणी सांगत नाही." मग हसू आवरून कॅल्क्युलेटर ओढला, पोऱ्याला बोलावून सीट वर करायला लावली आणि आकडा बदलला. एक पन्नास. मला वाटलं होतं, खरं बोलल्याबद्दल तो दहा-पाच हजारांनी तरी सैल सोडेल. एक रुपया नाही.

पंचवीस हजार गेले. घरी येताना रिक्षात मिस्टर म्हणाले, "अब्बा, त्याने विचारलं नव्हतं." अब्बा म्हणाले, "गव्हाचा ढीगही बोलला नव्हता."

ती हदीस आपल्या घरांत बहुतेकांना ठाऊक असेल, सहीह मुस्लिममध्ये आहे. रसूलुल्लाह (स.) बाजारातून जाताना धान्याच्या ढिगात हात घालतात, तर वरून कोरडा ढीग आत ओला निघतो. व्यापारी म्हणतो, पावसाने भिजला. ते विचारतात की मग ओलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. आणि फसवणाऱ्याशी आपलं नातं नाही, असं बजावतात. मी ही गोष्ट मुलांना शंभर वेळा सांगितली असेल. दर वेळी माझ्या डोळ्यांपुढे तो व्यापारी दाढीवाला, पोट सुटलेला असा कोणी परका असायचा. त्याच्या हातात दीडशे रुपयांचा सुगंधी कागद मी कधी पाहिला नव्हता.

रात्री मी भांडी घासताना धुसफुसत होते. अब्बा पाणी प्यायला आले आणि म्हणाले, "सूरह मुतफ्फिफीन आठवते ना, बेटा?" एवढंच, आणि गेले. माप मारणाऱ्यांवरची सूरह. तिच्या सुरुवातीलाच अशा लोकांचं वर्णन आहे जे स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेतात आणि दुसऱ्याला देताना कमी देतात. मला राग आला होता आणि तो अब्बांवर होता, हे कबूल करते. दिवसभर मी त्याच्या गाडीचे टायरचे आकडे वाचले, टाकीची पाटी वाचली, त्याचं खोटं गिऱ्हाईक पकडलं. आमच्या गाडीच्या वेळी मात्र सगळं त्याच्या डोळ्यांवर सोडलं. पण राग एका रात्रीत जात नाही. पंचवीस हजार म्हणजे माझ्या शिकवण्यांचे चार महिने होते.

ते पैसे मामूंनी दिले, कर्ज-ए-हसना म्हणून. पाच हजारांचे पाच हप्ते, वर एक पैसा नाही. मामूंनी वहीच्या पानावर लिहून घेतलं, तारीख घातली, दोघांच्या सह्या, अम्मी आणि मामी साक्षीला. नात्यात कशाला लिहायचं, असं कोणी म्हटलं की मामू सूरह बकरातली उधारी लिहून ठेवायची आयत काढतात. कारण विचारल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते अब्बांची तारीफ करतील. ते म्हणाले, "काच अटकणं ठीक आहे. वायरिंग घाटात पेटलं तर?" आणि गप्प झाले. कशेडीची रात्र त्यांच्या अजून अंगावर येते.

व्यवहाराच्या दिवशी दोन गोष्टींवर पुन्हा ओढाताण झाली. डीलरला अर्धी रक्कम रोख हवी होती. आम्ही बँकेतूनच देणार म्हटलं. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला 2017 पासून कायद्याने बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला आहे, हे सांगितल्यावर तो मऊ झाला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वॅगन-आर एमएच 02 नंबरची होती, अंधेरीची, कारण तेव्हा बोरिवलीचं 47 नव्हतं. आपण फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून देतो, पैसे घेतो आणि समजतो की गाडी गेली. ती जात नाही. पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत कागदावर ती आपलीच राहते. चलन आपल्या मोबाइलवर येतं. आणि अपघात झाला तर भरपाईच्या दाव्यात नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक धरला जातो, असं सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे. म्हणून केंद्राने 1 एप्रिल 2023 पासून नवे नियम आणले. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची सूचना फॉर्म 29 सी वर पोर्टलवर द्यायची. तिथून पुढची जबाबदारी त्याची. आमचा डीलर म्हणाला, अधिकारपत्राचा अर्ज केलाय, यायचं आहे. मग आम्ही त्याच्या लेटरहेडवर ताबापावती घेतली: नंबर, चासी नंबर, तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा. कोऱ्या फॉर्मवर सही केली नाही. घेणाऱ्याचं नाव रिकामं असेल तर तिथे डीलरचंच नाव लिहा, असं अब्बा अडून बसले आणि त्याने लिहिलं.

ही चिकाटी मला पटली. आधीची पटली नव्हती.

रमजान सुरू झाला. अर्टिगा छान चालत होती, अम्मी पुढे पाय लांब करून ऐटीत बसायच्या. पंधरावा रोजा असेल, शाळेत मधल्या सुट्टीत एक सहकारी बाई म्हणाल्या, "हायवेला एक वॅगन-आर बघितली. 2012 ची, एमएच 02, पांढरी. दोन दहा सांगतोय. म्हणाला, एकदम कोरडी गाडी आहे, कधी पाण्यात गेली नाही, एका म्हाताऱ्या चाचांनी जपून वापरलेली."

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या हसल्या, "बरं झालं तुम्ही भेटलात," आणि त्यांनी ती गाडी घेतली नाही. पण दुसरा कोणी घेणारच. त्याला शाळेत माझ्यासारखी बाई भेटणार नाही.

घरी सांगायचं की नाही, यावर मी इफ्तारपर्यंत विचार केला. अब्बांनी पंचवीस हजार सोडून जे सांगितलं, ते त्या टेबलाच्या पुढे गेलंच नव्हतं. उलट त्यांचं नाव न घेता त्यांचाच म्हातारपणा विकायला वापरला होता. शेवटी तरावीहहून आल्यावर सांगितलं. अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मिस्टर म्हणाले, "तुम्ही त्याला सांगितलंत, तुमची जबाबदारी संपली." ते चुकीचं नव्हतं. कोणा आलिमला विचारलं असतं तरी कदाचित हेच उत्तर मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी असरनंतर अब्बा एकटेच डीलरकडे गेले. भांडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, गाडीचं सर्व्हिस बुक गाडीतच आहे ना? डीलर म्हणाला, "असेल चाचा, डॅशबोर्डमध्ये. आता गाडी माझी आहे, तुम्ही टेन्शन घेऊ नका." चहा विचारला आणि रोजा आहे म्हटल्यावर जीभ चावून माफी मागितली. माणूस वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. टाकीची तपासणी त्याने कबूल केल्याप्रमाणे करून दिली होती.

मग अब्बांनी आम्हाला सांगितलं. गाडी देण्याच्या आदल्या रात्री त्यांनी सर्व्हिस बुकच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं: कोणत्या तारखेला, कुठे, किती पाणी होतं, मिस्त्रीने काय केलं, कोणती काच अटकते, पावसाळ्याआधी कोणतं वायरिंग बघून घ्यावं. खाली त्यांचा मोबाइल नंबर. बेस्टमध्ये गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या ताब्यात देताना दोष लिहून द्यायची सवय, ती गेली नाही. पान कोणी फाडलं असेल किंवा बुकच फेकलं असेल, आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

मी दर आठवड्याला मोबाइलवर परिवहनच्या ॲपमध्ये नंबर टाकून बघायचे. मेच्या शेवटी मालकाच्या क्रमांकाच्या जागी एकऐवजी दोन आलं. मिस्टरांनी सुटकेचा श्वास सोडला, चलनाची भीती गेली. मामूंचा चौथा हप्ताही त्याच आठवड्यात गेला.

पूर्वी अब्बा अनोळखी नंबर उचलायचे नाहीत. आता उचलतात. बहुतेक वेळा पलीकडे कर्ज हवंय का असं विचारणारी मुलगी असते. अब्बा तिला सलाम करून, नको बेटा म्हणून ठेवतात. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस आला त्या रात्री त्यांनी चार्जर मागून घेतला आणि फोन उशाशी ठेवून झोपले.